मांगारिकीच्या वळणावरचं गवत

रविवार, १० मार्च

नदीच्या मोजणीसाठी परिषदेने दिलेल्या वहीत 'शेरा' नावाचा एक रकाना आहे. त्यात दोन ओळी मावतात. माझा राग दोन ओळींत मावत नाही, म्हणून ही दुसरी वही. ही कुणाला दाखवायची नाही.

आज अमावास्या. परवा मोठं उधाण, नऊच्या सुमाराला भरती. गमबूट धुतले, खारेपणाच्या यंत्रात नवे सेल घातले.

नदी-परिषदेचं पत्र आलंय. 'मांगारिकी पात्र स्वच्छता.' स्वच्छता! जशी काय नदी अंघोळच करत नव्हती. गेल्या जुलैत पूर आला, खालच्या वस्तीतल्या नऊ घरांत पाणी शिरलं, म्हणून आता पात्रातला गाळ काढणार आणि काठ खरवडणार. कधी, ते लिहिलेलं नाही. 'लवकरच.' आणि काम कुणाला मिळालंय? माझ्या सख्ख्या भावाला, तामिहानाला. त्याच्या पोकलेनला.

ख्रिसमसला माराएवर, कुळाच्या सभाघराच्या आवारात, सगळी मंडळी जेवायला बसलेली असताना मी त्याला विचारलं होतं, "आईची नदी खरवडायला तुझा हात उठेल का रे?" तर म्हणाला, "उठेल. माकारेताच्या पलंगाखालून पाणी वाहत होतं तेव्हा तू कुठे होतीस?" त्यानंतर आमचं बोलणं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला होता. उचलला नाही.

मंगळवार, १२ मार्च

आले.

सकाळी सातपासून वळणावर पोटावर पडून होते. आधी खारं पाणी आलं. ते वरून दिसत नाही. गोड्या पाण्याच्या खालून, तळाशी सरपटत येतं. यंत्राचा दांडा तळाला टेकवत वीस-वीस मीटरवर मोजत गेले. जिथे खारं संपतं, तिथेच ईनांगा मासे अंडी घालतात, त्याच्या वरही नाही आणि खालीही नाही. आमच्याकडे ती जागा म्हणजे वाकड्या विलोच्या झाडाच्या वरचं वळण, उजवा काठ, बेचाळीस मीटर.

साडेआठला पाणी गवतात चढलं. मग गवत हलायला लागलं. वारा नव्हता. बोटभर लांबीचे मासे, हजारोंनी, आडवे होऊन गवताच्या बुडख्यांत घुसत होते, एकमेकांच्या अंगावरून. बघता बघता काठाचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. आई म्हणायची, नदीला पान्हा फुटला. एकसष्टाव्या वर्षीही ते बघायला मी सातला येऊन पडते.

पाणी उतरल्यावर गवत उघडलं. खसखशीहून जराशी मोठी, काचेसारखी अंडी, बुडख्यांना चिकटलेली. तळहाताएवढ्या लोखंडी चौकटीत तीनशे सत्तर मोजली. आता महिनाभर ती कोरड्यावर, गवताच्या ओल्या सावलीत राहणार आणि पुढच्या अमावास्येचं उधाण त्यांना उचलून समुद्रात नेणार. तोवर त्या गवताला कुणी हात लावू नये, एवढंच मागणं.

फॉर्म भरला. पात्राची रुंदी, खोली, गवताची उंची, मातीतली ओल. 'अंडी घालण्याची जागा' या रकान्यात नेहमीसारखं लिहिलं: पुलाच्या खालच्या अंगाला, डावा काठ, चाळीस मीटर.

तिथे एक अंडं नाही. कधी नव्हतंच. चार वर्षांपूर्वी मी खरी जागा लिहिली होती, तर परिषदेने नकाशावर लाल टिंब काढून साऱ्या जगाला दाखवलं. शाळेची बस आली. अठ्ठावन्न पोरं गवतात नाचून गेली. हौशी लोकांनी गवत फाकवून फोटो काढले आणि तसंच उघडं टाकून गेले. अंडी दोन दिवसांत उन्हाने वाळली. ना कुणी माफी मागितली, ना कुणाला ते कळलं. तेव्हापासून लाल टिंब पुलाखाली. बाकी एकही आकडा मी खोटा लिहीत नाही. फक्त जागा.

तामीचे दोन फोन.

शुक्रवार, १५ मार्च

माकारेता आली. माझी चुलत बहीण, पण लहानपणी आम्ही एकाच गादीवर झोपायचो. आंबवलेल्या बटाट्याचा रेवेना पाव घेऊन आली होती. तिच्या घराच्या भिंतींना अजून बुरशी आहे. म्हणाली, "पारे, छपरावर पाऊस वाजला की मी बूट उशाशी घेऊन झोपते. हसू नकोस."

मी हसले नव्हते. मी म्हटलं, पूर येतो तो वरच्या डोंगरावरची झाडं तोडल्यामुळे, ओढ्यातल्या गवतामुळे नव्हे. ती म्हणाली, "असेल बाई. पण डोंगर माझ्या स्वयंपाकघरात येत नाही, ओढा येतो."

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

जाता जाता म्हणाली, "तामी विचारत होता, आई कधी पुलाखाली मासे बघायला जायची का?"

"त्याला म्हणावं, नदीला विचार."

काय संबंध? मुद्दाम आईचं नाव काढतो, म्हणजे मी विरघळेन. नाही विरघळत.

मंगळवार, १९ मार्च

वळण गेलं.

सकाळी पोकलेनचा आवाज आला तेव्हा मी चहा ओतत होते. किटली तशीच टाकून पळाले. पोहोचले तोवर बेचाळीस मीटरपैकी एक वीत शिल्लक नव्हती. काठ उतरता, गुळगुळीत, पिवळी माती. कुणीतरी माणसाची कातडी सोलावी तसा. गवत, लव्हाळे, मुळं, सगळं ट्रकमध्ये.

तामी वर केबिनमध्ये बसलेला. माझ्या हातात लोखंडी चौकट होती, ती काचेवर फेकली. तडा गेला. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"पारे..."

"नाव घेऊ नकोस माझं! तुला कळतंय का काय केलंस?"

"पुलाखालचं मी ठेवलंय. एक काडी हलवली नाही तिथली. जाऊन बघ."

"मग काय आरती करू तुझी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वळणाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि तो तिथेच यंत्राच्या पट्ट्यावर बसला. बरं झालं. बसू दे.

घरी येताना पुलाखाली बघितलं. खरंच, पन्नास मीटर गवत जसंच्या तसं उभं, चारी बाजूंनी केशरी फिती बांधलेल्या. दाखवायला ठेवलंय, म्हणजे वर्तमानपत्रात फोटो छापता येईल. ढोंगी लेकाचे.

बुधवार, २० मार्च

परिषदेच्या कचेरीत गेले. डेल्विन नावाची तिथली अधिकारी बाई, पस्तिशीची असेल. "पारेहुइया, बसा ना."

"बसायला आले नाही. आठवडाभरापूर्वी अंडी पडली आणि तुम्ही पोकलेन घातला. तुमच्याकडे कॅलेंडर नाही?"

"आहे. म्हणून तर तुम्ही सांगितलेली जागा सोडली." तिने फाइल काढली. "तुम्ही चाळीस मीटर लिहिलं होतं. तामिहाना म्हणाला थोडं जास्त ठेवू, म्हणून पन्नास ठेवलं. फिती त्यानेच बांधल्या." फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "वळणावरसुद्धा अंडी होती का? मग तेही लिहायचं होतंत."

माझं अक्षर. माझी सही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, आणि पाणी हवंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या नकाशांवर माझा विश्वास नाही," आणि बाहेर पडले. गाडीत बसून स्टीअरिंगवर हात आपटला तर हॉर्न वाजला. पार्किंगमधली माणसं बघायला लागली. त्यांच्यावरही ओरडले.

चार वर्षांपूर्वी त्यांनी ते टिंब काढलं नसतं, तर मी कशाला... पण ते लिहिलं मी. पुलाखाली, डावा काठ. किती सफाईने लिहिलंय. 'डावा'खाली रेघसुद्धा मारली आहे.

शुक्रवार, २२ मार्च

काल काही लिहिलं नाही.

आज सकाळी दारात तामी. हातात दोन कुदळी आणि एक बादली.

"चल."

"कुठे?"

"वळणाची माती कुठल्या ढिगात टाकली ते मला ठाऊक आहे."

गेले. बोलायचं नाही असं ठरवूनच गेले. ढीग दोन पुरुष उंच, वरून वाळलेला, आतून गरम. गवत कुजून वाफ येत होती. दोघं गुडघ्यावर बसून ढेकळं फोडत होतो. बहुतेक अंडी पांढरी पडलेली, मेलेली. मधेच एखाद्या ओल्या ढेकळात जिवंत सापडायची. आत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसायला लागले होते. डोळे आले होते त्यांना.

मीच न राहवून बोलले. "तुला माहीत होतं."

"काय?"

"पुलाखाली काही नाही ते."

"शंका होती. आईने मलाही नेलं होतं पारे, तू एकटीच नव्हतीस. मला वळण आठवत होतं. पण म्हटलं, ही इतकी वर्षं मोजतेय, हिला जास्त कळतं, मासे हलले असतील. म्हणून फोन केले. सहा."

"मग थांबायचं होतंस!"

"कशाच्या जोरावर? परिषदेला काय सांगू, माझ्या बहिणीचा कागद खोटा आहे? मला लहानपणचं आठवतंय?"

मी चिखलाचा गोळा उचलून त्याच्यावर फेकला. नेम चुकला. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. पुढचं ढेकूळ फोडायला घेतलं.

चौदा ढेकळं वाचली. धुण्याच्या खोलीत ट्रेमध्ये मांडली आहेत, वर ओली गोणपाटं. दर दोन तासांनी पाणी शिंपडते.

आईने त्यालाही नेलं होतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती जागा आईने फक्त माझ्या हाती दिली.

बुधवार, २७ मार्च

पौर्णिमेचं उधाण. हे लहान असतं. खरवडलेल्या वळणावर पेंढ्याचे चार गठ्ठे टाकून बघितले. पेंढ्यातसुद्धा ईनांगा अंडी घालतात, आत ओल राहते. पण मासे आलेच नाहीत. पाच-पन्नास आले, वळणापाशी घुटमळले आणि वर निघून गेले.

यंत्र बघितलं तर वळणावर तळाचं पाणी चांगलं खारट. पुन्हा मोजलं. सेल बदलून मोजलं. यंत्राला दोन शिव्या दिल्या आणि मग दांडा टेकवत वर वर चालत गेले. खारं पाणी आता दोनशे दहा मीटर वर जाऊन संपतं.

तामी काठावर उभा होता. "पात्र दोन फूट खोल केलंय. खारं वर जाणारच."

"वा! आधी सुचलं नाही?"

"मला सुचायचं कारण नव्हतं. मोजणारी तू."

तोंडावर मारल्यासारखं झालं. आणि खरंच होतं. सगळे आकडे माझ्या घरात होते. वळण किती खोल केलं तर खारं कुठवर जाईल, हे एका संध्याकाळी काढून मी त्यांच्या टेबलावर आपटू शकले असते. पण मग जागा सांगावी लागली असती.

आता खारं जिथे संपतं, तो काठ लॉर्न हॅडरेलच्या कुरणाचा. तिथे त्याच्या कालवडी पाण्यापर्यंत येऊन चरतात. गवत नखाएवढं.

म्हणजे पुढच्या अमावास्येला मासे येणार ते उघड्या मातीवर. आणि माझ्याकडे चौदा दिवस. आणि लॉर्नशी माझं भांडण.

शनिवार, ३० मार्च

लॉर्नकडे गेले. बहात्तर वर्षांचा गोरा म्हातारा, बायको गेल्यापासून एकटाच दूध काढतो. मला बघून त्याने कुत्र्याला आत घेतलं.

"तूच ना ती? माझ्या गायी पाण्यात उतरल्या तर त्यांचं कॉर्न्ड बीफ करीन म्हणणारी?"

"अजूनही करीन. पण आज दुसरं काम आहे. काठची विजेची तार दहा पावलं आत घ्यायची. मेच्या मध्यापर्यंत."

"कुठे?"

"इकडे, या बाजूला."

"इकडे म्हणजे? अर्धा मैल कुरण आहे माझं. अशी हवेत हात फिरवू नकोस बाई. कुठपासून कुठपर्यंत, खुंटी ठोक."

माझ्या पिशवीत खुंट्या होत्या. हातात घेतल्या आणि तशीच उभी राहिले. हा उद्या पबमध्ये सांगणार. परवा मासे धरणारे जाळीवाले येणार. सगळं पुन्हा तसंच.

लॉर्न थांबला. मग म्हणाला, "हे बघ, मला काय राखायचंय तेच सांगितलं नाहीस, तर मी राखू काय?"

ठोकल्या. दोन खुंट्या, मधे तीस मीटर.

त्याने अंतर चालून बघितलं. "एवढंच? एवढ्यासाठी चार वर्षं मला शिव्या खायला घातल्यास?" मग गोठ्याकडे बोट दाखवून, "मागे बार्लीचा पेंढा आहे. लागेल तेवढा ने."

बरा माणूस आहे हे मला आधी कळलं असतं तर आवडलं नसतं. आताही फारसं आवडलेलं नाही.

बुधवार, ३ एप्रिल

डेल्विनला काठावर बोलावलं आणि सांगून टाकलं. पुलाखाली कधीच अंडी नव्हती. चार वर्षं मी जागा खोटी लिहिली. का लिहिली तेही सांगितलं. बस, अठ्ठावन्न पोरं, वाळलेली अंडी.

तिने वही मिटली. "ते टिंब माझ्या आधीच्या बाईंनी काढलं होतं. चूक होती. पण तुम्ही तेव्हा येऊन ओरडला का नाहीत? तुम्हाला तर ओरडता येतं."

"ओरडून काय झालं असतं?"

"निदान फाइलमध्ये राहिलं असतं."

मग म्हणाली, "आता तुमचे चारही वर्षांचे आकडे मला बाजूला ठेवावे लागतील."

"फक्त जागा खोटी होती. खारेपणा, खोली, गवत, सगळं खरं आहे. मी गुडघाभर चिखलात उभी राहून मोजलंय ते!"

"हे आम्हाला कसं कळणार?"

मी खाली वाकून बुटांचा चिखल खरवडला.

जूनपासून मोजणीचं काम ऑकलंडच्या एका कंपनीकडे जाणार. ते डेल्विनने तिथेच सांगितलं, पत्राच्या मागे लपली नाही. म्हणून मला तिचा जास्तच राग आला. घरी येऊन चारही वर्षांच्या वह्या टेबलावर काढल्या. एकेक पान उलटलं. पाऊस लागून फुगलेली पानं, चिखलाचे अंगठे. सगळं खरं होतं. एक रकाना सोडून.

कुणी माझी समजूत काढायला येऊ नये. माकारेता आली तर तिलाही सांगणार, जा.

(आली. गेली नाही. डुकराच्या हाडांचा रस्सा केला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.)

गुरुवार, ११ एप्रिल

गेले आठ दिवस गठ्ठे बांधण्यात गेले. बारा गठ्ठे, काठात अर्धे पुरून, लोखंडी खांबांना तारेने आवळलेले. खांब तामीने ठोकले. फार बोललो नाही. "ते धर." "इकडे ओढ." "तुझा पाय काढ." एवढंच. एकदा त्याच्या बोटावर हातोडा बसला तेव्हा मी हसले, आणि तोही हसला, आणि मग पुढचा खांब.

आज सकाळी भरती पावणेनऊला. लॉर्न कुंपणापलीकडे, माकारेता थर्मास घेऊन, डेल्विन तिची वही घेऊन. सगळ्यांना बजावलं: जो कुणी गठ्ठ्यावर पाय ठेवेल त्याला नदीत ढकलीन. माकारेताने लॉर्नला म्हटलं, "ढकलते हं ती, मला ढकललंय."

पाणी चढलं. काहीच नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मला वाटलं, झालं, संपवलं मी यांना. तामी पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "इकडे काय बघतोस, तिकडे बघ."

मग सातव्या गठ्ठ्याशी पाण्याला सुरकुती पडली. मग आठव्याशी. पेंढ्याच्या काड्या हलायला लागल्या. आणि हळूहळू, वळणावर व्हायचं तसं भसकन नाही, पाणी पांढरं झालं.

लॉर्नने टोपी काढली. म्हणाला, "बहात्तर वर्षं इथे राहतोय मी. बहात्तर वर्षं."

ओहोटीनंतर मोजलं. चौकटीत नव्वद. वळणावर तीनशे सत्तर होती. डेल्विन म्हणाली, "नव्वद छान आहेत." मी म्हटलं, "नव्वद म्हणजे दोनशे ऐंशी कमी." तिने वहीत दोन्ही लिहिलं.

घरी ट्रेमधल्या ढेकळांवर खाडीचं पाणी ओतलं. चौदापैकी पाच ढेकळांतली अंडी फुटली. केसाएवढी पिल्लं, दोन डोळे आणि बाकी काच. बादलीतून नदीत सोडून आले. उरलेल्या नऊंवर बुरशी.

रविवार, २८ एप्रिल

तीन दिवस पाऊस. काल दुपारी मांगारिकी तपकिरी होऊन बांधाला लागली. आम्ही दोघं दोरखंड घेऊन लॉर्नच्या कुरणावर. वरून ओंडके येत होते. एका ओंडक्याने बाराव्या गठ्ठ्याचा खांब वाकवला आणि गठ्ठा गेला, फिरत फिरत, माझ्या डोळ्यांदेखत. मी काठावरून खाली उतरायला लागले तर तामीने मागून माझा कोट धरला.

"सोड!"

"नाही."

"सोड म्हणते ना!"

"गठ्ठा दुसरा मिळतो गं मूर्ख बाई!" इतक्या जोरात ओरडला की कुरणातल्या कालवडी पळाल्या. तो ओरडत नाही कधी. ओरडते मी.

चार गठ्ठे गेले. आठ राहिले.

पाणी उतरल्यावर माकारेताकडे गेलो. दारात बूट, उंबऱ्यावर वाळूच्या पिशव्या, आणि आत जमीन कोरडी. खालच्या वस्तीत एकाही घरात पाणी शिरलं नाही. जुलैपेक्षा पाऊस कमी नव्हता. पात्र खोल केलं होतं म्हणून पाणी निघून गेलं. हे लिहायला मला अजिबात आवडत नाही. पण या वहीत तरी सगळे रकाने खरे भरायचे.

माकारेता भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, तळवे फरशीवर टेकवून. "कोरडी आहे," म्हणाली. "हात लावून बघ, पारे."

लावला. मग मी तिला सांगितलं, तेव्हा जुलैत मी वळणावर होते. गवत वाहून गेलं का ते बघायला. तुझ्याकडे यायला पाहिजे होतं.

ती म्हणाली, "माहितेय मला. तुला पुलावरून जाताना बघितलं होतं मी."

नऊ महिने हिने हे तोंडातून काढलं नाही. मला त्याचाही राग आला. पण कुणाचा ते नीट सांगता येत नाही.

शुक्रवार, १० मे

उधाण. आज उरलेली अंडी जायची.

ऑकलंडच्या कंपनीची बाई आली होती. रूथ तिचं नाव, मुलुखाची पायपीट केलेली दिसते, बूट जुने. जूनपासून मोजायचं तिने, म्हणून डेल्विनने पाठवली. गाडीतून उतरताच म्हणाली, "खोटी जागा लिहिणाऱ्या तुम्हीच का?"

"मीच."

"कंपनीत सांगितलंय, तुमच्याकडून काही घेऊ नका."

"मग कशाला आलात?"

"दुसऱ्या कुणाला माहीत नाही म्हणून."

निदान तोंडावर बोलते.

आठच्या सुमाराला पाणी गठ्ठ्यांवरून गेलं. दिसण्यासारखं काहीच नसतं. पाणी येतं, थोडं थांबतं, जातं. पिल्लं इतकी बारीक की ओंजळीत घेतली तरी कळत नाहीत. तामी म्हणाला, "गेली असतील?" मी म्हटलं, "थांब."

काठ उघडा पडल्यावर रूथला सहाव्या गठ्ठ्यापाशी नेलं. लॉर्नची तार महिनाभर आत असल्याने गठ्ठ्यांच्या मधून गवत वर आलंय, घोट्याएवढं. म्हटलं, खाली बसा. गुडघे टेका. चिखल लागतो, लागू द्या. हात आधी ओले करा. आता दोन्ही हातांनी गवत असं बाजूला, ओढायचं नाही, केसांचा भांग पाडतात तसं.

तिने घाईने फाकवलं. दोन बुडखे उपटून हातात आले.

"अहो, ओढू नका म्हटलं ना! हात आहेत की फावडी?"

मागे तामी खोकला. हसणं दाबत होता.

रूथने माझ्याकडे बघितलं, उपटलेले बुडखे खाली ठेवले, हात पुन्हा ओले केले. या खेपेला सावकाश. बुडख्यांना रिकामी कवचं चिकटलेली होती, फाटलेली, पारदर्शक. चौकट ठेवली. तिने मोजलं, मीही मोजलं. तिची एकसष्ट, माझी चौसष्ट. पुन्हा मोजलं. चौसष्ट. मधे तीन न फुटलेली, तीही तिने वेगळी लिहिली.

"जागा सांगा," ती पेन्सिल धरून म्हणाली.

"विलोच्या वळणापासून वर दोनशे दहा मीटर," मी म्हटलं. "लॉर्न हॅडरेलचं कुरण. उजवा काठ. तीस मीटर."

तिने लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. उजवा. बरोबर लिहिलं होतं.

मग म्हटलं, "आता गवत मिटवा. होतं तसं. उन्हं आली."